सायकलची सीट: मऊ नको, मापाची हवी

मिकाएल पेडरसन मूळचा डेन्मार्कचा. यंत्रांवर हात बसलेला आणि सायकलचं वेड असलेला माणूस. १८९३ मध्ये तो इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यातल्या डर्स्ली या छोट्या गावी राहायला आला. तेव्हाच्या सायकलींबद्दल त्याची एकच मोठी तक्रार होती: चालतात छान, पण वर बसवत नाही. त्याने दोऱ्या विणून, पुढून मागे ताणून बांधलेली एक सीट केली. त्या काळची चामडी सीट तीस औंसांच्या घरात जायची, ही भरली जेमतेम चार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. पण ती टांगायची कुठे? नेहमीच्या फ्रेमवर तशी सोयच नव्हती. मग पेडरसनने त्या सीटसाठी बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची एक वेगळीच फ्रेम रचली. डर्स्लीच्याच लिस्टर कंपनीने ती कारखान्यात घेतली आणि ‘डर्स्ली पेडरसन’ सायकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रस्त्यांवर दिसू लागली.

आधी सीट, मग सायकल असा विचार करणारा माणूस विरळाच. बाकीचे सगळे रंग बघतात, गिअर मोजतात, किंमत पाडून घेतात, आणि सीट जी येईल ती मुकाट्याने सोसतात.

ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त गेलेली मराठी मंडळीही याला अपवाद नाहीत. तिथे १९९९ पासून ‘सायकल टू वर्क’ नावाची सरकारी योजना आहे. कंपनी सायकल घेऊन देते आणि तिचे हप्ते कर लागण्यापूर्वीच्या पगारातून कापून घेते. सायकल बरीच स्वस्त पडते, त्यामुळे शाळेनंतर पॅडलवर पाय न ठेवलेली माणसंही उत्साहाने दुकानात जातात. पहिल्या आठवड्यात स्टेशनपर्यंतची रपेट होते, दुसऱ्यात बूड दुखू लागतं, तिसऱ्यात जेलचं जाडजूड कव्हर येतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं. पुढे सायकल शेडमध्ये जाते.

ते कव्हर का चालत नाही, हे कळायला शरीराची रचना थोडी पाहावी लागेल. मांडी घालून कडक फरशीवर बसलं की खाली दोन हाडं टोचतात. तीच बैठकीची हाडं. कटिभागाच्या सांगाड्याची ती खालची टोकं, आणि शरीराचा भार पेलण्यासाठीच ती घडलेली आहेत. या दोन हाडांच्या मधला भाग मात्र नाजूक. तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात आणि भार घेणं हे त्यांचं काम नव्हे. चांगल्या सीटने भार हाडांवर घ्यायचा आणि मधला भाग मोकळा सोडायचा, इतकंच अपेक्षित असतं. फार मऊ सीटवर नेमकं उलटं होतं. हाडं फोममध्ये रुततात आणि दबलेला फोम मधोमध वर येऊन नको तिथे दाबतो. दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

म्हणून पहिलं माप रुंदीचं. आपल्या हाडांमधलं अंतर घरीच काढता येतं. पार्सलच्या खोक्याचा कोरुगेटेड पुठ्ठा कडक, बुटक्या स्टुलावर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर बसावं, थोडं पुढे वाकावं आणि दोन्ही हातांनी स्टूल वर ओढत अंगाचा भार खाली द्यावा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बहुतेकांच्या बाबतीत १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. त्यात दोनेक सेंटीमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. बाजारात एकच मॉडेल १४३, १५५, १६८ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या रुंदींत मिळतं ते याचसाठी. बायकांचा कटिभाग सरासरीने रुंद असला, तरी ‘लेडीज’ आणि ‘जेंट्स’ या लेबलांवर विसंबू नये. एखाद्या धिप्पाड पुरुषाची हाडं जवळजवळ असू शकतात आणि चणीने लहान बाईची लांब. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

बसण्याची ढब हे दुसरं माप. आपल्याकडची जुनी काळी सायकल घ्या: हँडल उंच, पाठ ताठ, सगळा भार मागे. तिला रुंद आणि खाली जाड स्प्रिंगा असलेली सीट शोभते. रेसर सायकलवर माणूस पुढे झुकतो, भार हात, पाय आणि बूड यांत वाटला जातो आणि कटिभाग पुढे कलतो. तिथे ती रुंद सीट मांड्यांना घासत राहते. एकाची सीट दुसऱ्याला का चालत नाही, याचं निम्मं उत्तर यात आहे.

काळ्या सायकलीवरून आठवण निघते ती बर्मिंगहॅमची. हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स ही महाराष्ट्राच्या गावागावांत पोचलेली नावं मूळची त्याच शहराची आणि त्याच्या आसपासची, रॅले नॉटिंगहॅमची. पुढे हर्क्युलस मद्रासला टीआय सायकल्सच्या कारखान्यात आणि रॅले आसनसोलला सेन-रॅलेत बनू लागली. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात अशा जुन्या सायकली जवळून पाहायला मिळतात. तिथे गेल्यावर सीटकडे जरूर लक्ष द्यावं. ताणलेलं चामडं, पुढे-मागे रिव्हेट, खाली वळ्यावळ्यांच्या स्प्रिंगा. हा घाट रुजवण्यात एका खोगीर-सामानाच्या व्यापाऱ्याचा मोठा वाटा आहे.

जॉन बोल्टबी ब्रुक्स. १८४६ मध्ये लेस्टरशरमधल्या हिंकली गावी जन्म. १८६६ मध्ये खिशात वीस पौंड घेऊन तो बर्मिंगहॅमला आला आणि घोड्यांचं चामडी सामान बनवण्याचा धंदा सुरू केला. कंपनीत सांगितली जाणारी कथा अशी की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला. नवा घेण्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने कामावर जायला कुणाची तरी सायकल मागून आणली. तिच्या कडक सीटने त्याचे इतके हाल केले की यावर उपाय काढायचाच असं त्याने ठरवलं. कथेत मीठमसाला किती, हे ज्याने त्याने ठरवावं. २८ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याने सीटच्या पेटंटसाठी अर्ज केला, ही मात्र नोंद आहे. घोड्याचं खोगीर शिवणाऱ्याला माणूस कुठे टेकतो आणि कुठे घासतो हे ठाऊक असणारच.

ब्रुक्सचं ‘बी-१७’ हे मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून आजतागायत बनतं आहे. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये, डाउनिंग स्ट्रीटवर कारखाना आहे (पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटशी याचा संबंध नाही). जाड चामडं पाण्यात भिजवून मऊ करतात, साच्यावर दाबून आकार देतात, वाळवतात आणि लोखंडी सांगाड्यावर ताणून रिव्हेटांनी ठोकतात. काही मॉडेलांच्या तांब्याच्या रिव्हेट अजून हातोडीनेच बसवल्या जातात. मधल्या काळात कंपनी रॅलेच्या छत्राखाली गेली, २००० मध्ये मालक कंपनी बुडाल्यावर कशीबशी वाचली आणि २००२ मध्ये इटलीच्या सेले रॉयालने विकत घेतली. मालक इटालियन झाला, कारखाना स्मेदिकलाच राहिला.

चामड्याच्या सीटची खुबी अशी की तिच्यात फोम नसतो. चामडं झोळीसारखं दोन टोकांत ताणलेलं असतं. काही शे किलोमीटर झाले की हाडांच्या जागी हलके खळगे पडतात आणि सीट त्या माणसाची होते. तोवर मात्र ती लाकडासारखी कडक वाटते, आणि बरेच जण तेवढ्यातच हार मानतात. काहींना तर ती कधीच मानवत नाही. ब्रिटनमधले जुने सायकलस्वार ब्रुक्सबद्दल भक्तिभावाने बोलतात. ऐकणाऱ्याने त्यातला थोडा भाग सोडून द्यावा.

शिवाय ती सांभाळावी लागते. ब्रिटनचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, झिमझिमत राहतो. आणि ओल्या चामड्यावर बसलं की ते लोंबतं. म्हणून लंडनच्या सायकल स्टँडवरही सीटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली दिसते, थेट पुण्यासारखी. चामड्याला वर्षातून काही वेळा कंपनीचं मेण लावतात. मऊ व्हावी म्हणून सीट तेलात भिजवण्याचा मोह मात्र टाळावा, चामडं ढिलं पडून कायमचं बिघडतं. ताण कमी झाला तर टोकाखाली एक नट असतो, तो एका वेळी पाव फेराच फिरवावा. हॅरोगेटच्या स्पा सायकल्स या दुकानाच्या स्वतःच्या चामडी सीट ब्रुक्सपेक्षा स्वस्त असतात. त्यांना निड, व्हार्फ, एअर अशी यॉर्कशरच्या नद्यांची नावं दिली आहेत. ज्यांच्या घरात गाईचं चामडं नको असतं, त्यांच्यासाठी ब्रुक्सनेच २०१३ मध्ये रबर आणि सुती कापडाची ‘केंबियम’ मालिका आणली. ती पावसाला भीत नाही.

आता बसवण्याकडे वळू. खरं तर हे आधी यायला हवं, कारण कितीतरी तक्रारी नवी सीट न घेताच मिटू शकतात. त्यासाठी गवंड्याची दोन अवजारं उपयोगी पडतात, पाणसळ आणि ओळंबा. जोडीला सायकलचा पाना किंवा ॲलन की.

सुरुवात उंचीपासून. आपल्याकडे सायकल शिकतो ती दांड्याखालून पाय घालून, आणि सीटवर पोचलो की पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा धडा मनात पक्का बसतो. मोठेपणीही सीट खालीच राहते. मग गुडघे छातीकडे येतात, पाय भार घेत नाहीत आणि सगळं वजन बुडावर पडतं. बसून पाय टेकवण्याची गरजच नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. उंची ठरवण्याची घरगुती रीत सोपी आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसावं, टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्यावं. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो.

आकडा हवा असेल तर तोही आहे. १९६७ मध्ये लफबरोचे हॅम्ली आणि थॉमस यांनी वेगवेगळ्या उंचीच्या सीटवर लोकांना पॅडल मारायला लावून पाहिलं आणि पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के उंची सर्वांत सोयीची, असा निष्कर्ष काढला. ही उंची खाली गेलेल्या पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायची. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंत ८० सेंटीमीटर भरले, तर उंची ८७ सेंटीमीटरच्या आसपास. पुढे टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लमाँडच्या नावाने दुसरं सूत्र रूढ झालं: तीच लांबी गुणिले ०.८८३, आणि मोजायचं पॅडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून. ८० सेंटीमीटरला ते ७०.६ येतं. त्यात नेहमीच्या १७ सेंटीमीटर क्रँकची (पॅडलच्या दांड्याची) भर घातली की दोन्ही सूत्रं जवळजवळ एकाच जागी येतात. सीट फार उंच झाली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि कातडी घासते. मागून कुणाला तरी पाहायला सांगावं. सीटच्या नळ्यावर ‘यापेक्षा वर नको’ अशी खूण कोरलेली असते, ती दिसेल इतका नळा वर ओढू नये.

मग कल. सायकल सपाट जमिनीवर उभी करून सीटवर लांबीच्या दिशेने पाणसळ ठेवावी (फोनमधलं ॲपही चालतं). सुरुवात सपाट सीटने करावी. टोक वर असेल तर ते नाजूक भागात रुततं. फार खाली झुकवलं तर माणूस घसरत पुढे येतो, हातांवर रेलतो, आणि बुडाचं दुखणं मनगटांत जातं.

पुढे-मागे सरकवण्यासाठी ओळंबा. दोन्ही पॅडल एकाच उंचीवर आणून बसावं आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरी सोडावी. ती पॅडलच्या आसाजवळून गेली तर सुरुवातीला तेवढं पुरे. या नियमामागे फारसं शास्त्र नाही असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण कुठून तरी सुरुवात करावी लागते. इतकं करूनही माणूस सतत सीटच्या टोकाशी येत असेल, तर दोष बहुधा हँडलचा असतो. ते फार लांब किंवा फार खाली आहे, असं समजावं.

एका वेळी एकच बदल करावा, तोही पाच मिलिमीटरचा. आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवावी. मग दोन-चार दिवस चालवून पाहावं. सगळे नट एकदम ढिले करून बसलं की काय बिघडलं आणि काय सुधारलं, ते देवालाही सांगता येणार नाही.

कल किती महत्त्वाचा असतो हे ब्रिटनच्या ऑलिम्पिक पथकाने दाखवून दिलं. रिओ ऑलिम्पिकच्या आधी पथकातल्या महिला सायकलपटू सीटच्या जखमांनी बेजार होत्या. वर्षानुवर्षं त्या मुकाट्याने सोसत होत्या, कारण हा विषय बोलायचा कुणाशी? ब्रिटिश सायकलिंगचे मुख्य फिजिओथेरपिस्ट फिल बर्ट यांनी घर्षणाचे अभ्यासक, शल्यचिकित्सक, स्त्रियांच्या आजारांचे तज्ज्ञ अशांना एकत्र बसवलं. त्यातून निघालेल्या सूचना फार साध्या होत्या. त्या भागातले केस काढू नका, ते घर्षणापासून कातडी राखतात, ही त्यातली एक. दुसरी गोष्ट नियमाची. सीट जवळपास सपाटच हवी, असा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा नियम होता. पुढे वाकून वेगात जाणाऱ्या बाईच्या शरीराचा भार थेट सीटच्या टोकावर येतो, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ब्रिटिश पथकाने पाठपुरावा केला आणि आता ९ अंशांपर्यंत कल चालतो. रिओत ब्रिटनने सायकलिंगमध्ये ६ सुवर्णांसह १२ पदकं मिळवली. ती सीटमुळे मिळाली असं कुणी म्हणणार नाही. पण दुखण्याची तक्रार करायला लाजू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

पुरुषांनी न लाजता सांगायची तक्रार म्हणजे बधिरपणा. दुखणं सोसता येतं, बधिरपणा सोसू नये. तो नस दबल्याचा निरोप असतो. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने टोक नसलेली सीट वापरायला दिली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सायकल चालवताना बधिरपणा अजिबात न जाणवणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. बिनटोकाची सीट दिसायला विचित्र आणि वळणावर सायकलला मांडीचा आधार देण्यात कमी पडते, म्हणून सगळ्यांनी ती घ्यावी असं नाही. मधोमध खाच किंवा भोक असलेल्या सीट याच विचारातून आल्या आणि अनेकांना त्या पुरतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून बूड उचलण्याची सवय तर फुकट आहे. इतकं करूनही बधिरपणा राहिला तर डॉक्टर गाठावा.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडची सायकल शॉर्ट्स लांबच्या रपेटीला लाख मोलाची, पण तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. अंतर्वस्त्राची शिवणच सगळ्यात आधी कातडी सोलते. ऑफिसला पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला अशा शॉर्ट्सची गरज नाही. जाड शिवणीची जीन्स टाळली तरी पुरे.

लांबच्या प्रवासात या सगळ्याची परीक्षा होते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी बोर्नमथ विद्यापीठात शिकत असताना, विशीत, २०१८ मध्ये सायकलवरून जगाची फेरी करून आली: सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस, म्हणजे रोज सरासरी १८० किलोमीटर. पुण्या-मुंबई-नाशिकचे सायकलस्वार २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या दौडी, करतात. त्यांतल्या काहींना १९८९ पासून होत आलेली लंडन-एडिनबरा-लंडन ही सुमारे १,५०० किलोमीटरची दौड खुणावते. अशा मंडळींत एक दंडक असतो: मोठ्या दौडीच्या तोंडावर नवी सीट लावायची नाही, आणि मानवलेली सीट सायकल बदलली तरी सोबत न्यायची. हा दंडक घरच्या सायकलीलाही लागू करावा. सीटच्या दांड्या बहुतेक सगळीकडे ७ मिलिमीटर जाडीच्याच असतात, त्यामुळे जुनी सीट नव्या सायकलीवर सहसा बसते.

दुकानात जाताना पुठ्ठ्यावरचं माप लिहून न्यावं आणि शक्य असेल तर सायकलही न्यावी. ब्रिटनमधली बरीच चांगली दुकानं हाडांचं माप घेऊन देतात, काही ठिकाणी चाचणीची सीट काही दिवस घरी नेता येते. न मानवणारी सीट परत घेतात का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावं. पावती जपून ठेवावी.